आकडा वाढला म्हणजे आजार गेला?

हिमोग्लोबिन 6, पांढऱ्या पेशी 2000, प्लेटलेट 30 हजार; कारण समजत नाही. असा रिपोर्ट हाती आला की रोहा-पेणकडच्या घरांत उपाय तोंडपाठ असतात: बीट-डाळिंब, रक्तवाढीच्या गोळ्या, फारच झालं तर रक्ताची बाटली. आकडा थोडा वर सरकतो आणि घर निर्धास्त होतं. हा निर्धास्तपणाच मला धोक्याचा वाटतो. तिन्ही पेशी एकदम उतरल्या असतील, तर संशय अस्थिमज्जेवर, म्हणजे हाडातल्या रक्त तयार होण्याच्या जागेवर, घ्यायला हवा. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल पेशी रक्तात जेमतेम दिवसभर. झरा आटलेल्या विहिरीत टँकर ओतला तर पाणी दिसतं, पण किती दिवस? चढवलेल्या प्लेटलेट तीन-चार दिवसांत संपतात. पांढऱ्या पेशी तर नेहमीच्या बाटलीतून मिळतच नाहीत. धाप लागली असेल, रक्तस्राव थांबत नसेल तर रक्त द्यावंच लागतं. मात्र तपासणीचे नमुने शक्यतो त्याआधी घ्यावेत, आणि पुढे मज्जा-प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकत असेल तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त टाळावं.

‘कारण सापडत नाही म्हणजे नशीब’ असं म्हणणाऱ्यांनी मुंबईचाच इतिहास पाहावा. 1928च्या सुमारास ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा उलगडा तेव्हा झालेला नव्हता. तिने त्यांचा आहार तपासला, यीस्टचा अर्क असलेलं मार्माइट देऊन पाहिलं, आणि 1931 मध्ये त्याचा गुण जाहीर केला. त्यातला घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पण याच फॉलिक आम्लाची दुसरी बाजूही आहे. कमतरता बी-12ची असताना नुसतं फॉलिक दिलं तर हिमोग्लोबिन चढतं आणि आतल्या आत नसा बिघडत राहतात. रिपोर्ट सुधारतो, माणूस बिघडतो. भारतात तिन्ही पेशी कमी होण्याचं बी-12 वा फॉलिकची कमतरता हे नेहमी आढळणारं कारण आहे आणि ते पूर्ण बरं होतं. म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करण्याआधी काचपट्टीवर रक्त पाहणं महत्त्वाचं: न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसल्या की जाणकार तिथेच सावध होतो.

प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पाजल्या जाणाऱ्या पपईच्या पानांच्या रसाचं म्हणाल, तर डेंगीत प्लेटलेट पडतात आणि सहसा आठवड्याभरात आपसूक चढतात. त्याच आठवड्यात रस पाजलेला असतो, श्रेय रसाला जातं. बंद पडलेल्या मज्जेला हा हिशेब लागू नाही. मज्जेच्या तपासणीबद्दलची ‘पाठीच्या कण्यात सुई घालतात, माणूस अधू होतो’ ही भीती तर निव्वळ गैरसमज आहे. सुई कमरेच्या मागच्या हाडात, जागा बधिर करून घालतात. क्षणभर दुखतं, कण्याचा संबंध येत नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या रासायनिक कारखान्यांवर बोट ठेवणाऱ्यांचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. बेंझीन मज्जेला घातक आहे, हे एकोणिसाव्या शतकाअखेरपासून माहीत आहे. तरी शेजारी कारखाना आहे एवढ्यावरून एखाद्याच्या आजाराचं कारण सिद्ध होत नाही. हातून कोणती रसायनं गेली, हे डॉक्टरांना सांगावं. निकाल आधीच देऊ नये.

सगळ्या तपासण्या होऊनही कारण हाती लागत नाही, असंही घडतं. मज्जा सुकण्याच्या आजारात, अप्लास्टिक अॅनिमियात, ते बऱ्याचदा घडतं. तरी उपचार थांबत नाहीत: शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जेवर उलटलेली असते असं धरून तिला आवर घालणारी एटीजी आणि सायक्लोस्पोरीन ही औषधं आहेत, आणि प्रत्यारोपणासाठी प्रत्येक सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. आजार सौम्य असेल तर नियमित रक्त तपासत थांबणं हाही उपचारच.

‘एवढ्या तपासण्या-उपचारांसाठी मुंबई परवडत नाही’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो तर्काने खोडता येणार नाही. पण पहिली पायरी रोह्यातच चढता येते: काचपट्टी, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशींची मोजणी), बी-12. त्यासाठी नमुना प्रवास करतो, रुग्णाला मुंबईची गाडी धरावी लागत नाही. गरज पडलीच तर परळचं केईएम हे सार्वजनिक रुग्णालय आहे. जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारावं. आणि न्यूट्रोफिल 500च्या खाली असताना ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठा.