रान मोकळे कधी होणार?

सोयाबीनची पिशवी घेताना उताऱ्याची चौकशी सगळेच करतात. वर्षाला एकच पीक घेणाऱ्याला तेवढी पुरते. पण त्याच रानात पुढे हरभरा आणि जमल्यास उन्हाळी पीकही घ्यायचे असेल, तर आधी विचारावे: हे वाण रान मोकळे कधी करते?

पेरणी 25 जूनला झाली असे धरू. एमएयूएस 71 साधारण 95 दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर कापणीला येते. फुले संगमला (केडीएस 726) 105 दिवसांच्या आसपास लागतात. तोवर 8 ऑक्टोबर उजाडतो. जिरायती हरभरा तर 10 ऑक्टोबरच्या आत पेरून व्हायला हवा. कापणी, गोळा करणे, वखराची पाळी यांत आठवडा सहज जातो. तेवढ्यात ऑक्टोबरच्या उन्हाने वरची ओल उडते, बी कोरड्यात पडते, उगवण विरळ होते. सोयाबीनच्या वाढीव उताऱ्याचे पैसे हरभऱ्यात जातात. विहिरीला पाणी असणाऱ्याने मात्र हेच फुले संगम खुशाल घ्यावे. बागायती हरभऱ्याची पेरणी 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर चालते. म्हणून शेजाऱ्याचे वाण पाहण्याआधी त्याची विहीर पाहावी.

मग सगळ्यात लवकर येणारे वाण घ्यावे का? जेएस 95-60 जेमतेम 80-85 दिवसांचे. याच पेरणीचे ते सप्टेंबरच्या मध्यावर, भर पावसात पिकते. पक्व सोयाबीन भिजत राहिले तर शेंगेतच कोंब फुटतात. पाऊस लांबणाऱ्या भागात मी तरी सगळे रान या वाणाखाली घालणार नाही.

दिवस जुळले तरी रोगाचा विचार उरतोच. सोयाबीन, हरभरा आणि उन्हाळी मूग ही तिन्ही द्विदल पिके, आणि मूळकुजीची एकच बुरशी तिघांवर येते. विजय किंवा जॅकी 9218 हे हरभऱ्याचे वाण मर रोगात तग धरतात, पण मूळकूज हा रोग वेगळा. मर सोसणाऱ्या वाणावर त्यासाठी विसंबू नये. उन्हाळ्यात मुगाऐवजी अधूनमधून बाजरी घेतलेली बरी.

वाणाच्या माहितीपत्रकात हेक्टरी उत्पादनाशेजारी आणखी एक ओळ हवी: या वाणामागे कोणते पीक, कोणत्या तारखेपर्यंत, पाण्यासह आणि पाण्याशिवाय घेता येईल. कृषी विद्यापीठांकडे शेतकऱ्यांनी ती हक्काने मागावी.