बहिष्काराचं ॲडव्हान्स बुकिंग

"मामा, मी बहिष्कार टाकलाय," असं म्हणत भाचेराव स्वयंपाकघरात आले तेव्हा मी पोह्यांवर खोबरं भुरभुरत होतो. बहिष्कार हा शब्द आमच्या घरात फक्त दोडक्याच्या संदर्भात वापरला जातो. म्हणून मी आधी भाजीच्या टोपलीकडे पाहिलं. टोपलीत दोडका नव्हता.

"कंपनीवर," भाचेराव म्हणाले.

हा भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे, नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, असं त्याच्या कॉलेजचं म्हणणं आहे. उरलेल्या वेळात तो संगणकावर खेळतो. उरलेला वेळ म्हणजे नेमका किती, हे आम्ही विचारत नाही; विचारलं तर बहिणीला कळवावं लागेल.

त्याची तक्रार ऐकून मात्र मला त्याची दया आली. खेळ विकत घेताना साडेतीन हजार मोजले होते. त्यानंतर त्यात सीझन पास आला. पुढे आतल्या शिपायाला कोट विकायला निघाला. कोट नऊशे रुपयांचा. मी मेन रोडवरून घेतलेला शर्ट साडेसहाशेचा आहे आणि तो निदान दोरीवर वाळत घालता येतो. शेवटी आल्या पेट्या. पैसे आधी भरायचे, पेटी मग उघडायची, आत काय निघेल ते नशीब. जत्रेत रिंग टाकून साबणाची वडी जिंकायचा जो प्रकार असतो तोच हा. फरक इतकाच की जत्रेतला साबण अंगाला लावता येतो.

"म्हणून बहिष्कार," भाचेरावांनी टेबलावर मूठ आपटली. पोहे हलले. मला या पिढीचा अभिमान वाटला.

तो अभिमान आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी भाचेराव मोठ्या उत्साहाने सांगत आले, की त्या खेळाचा दुसरा भाग येतोय आणि त्यांनी तो आगाऊ बुक केलाय.

"कुठल्या कंपनीचा?"

"त्याच."

"आणि बहिष्कार?"

"तो चालूच आहे की! पण आधी बुक केलं तर सोनेरी बंदूक फुकट मिळते."

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, पोर आहे, चालायचंच. पण हा रोग जगभरचा आहे. २००९ साली 'मॉडर्न वॉरफेअर २' नावाच्या खेळावर बहिष्कार टाकण्यासाठी लोकांनी स्टीम या दुकानात एक मंडळच काढलं होतं. खेळ बाजारात आला त्या दिवशी कुणीतरी मंडळाच्या सभासदांची यादी उघडून पाहिली. कोण सभासद आत्ता काय खेळतोय, हे त्या यादीत दिसतं. बहुतेक सगळे बहिष्कारवीर 'मॉडर्न वॉरफेअर २' खेळत बसले होते! ते चित्र तेव्हापासून जगभर फिरतंय. सत्यनारायणाला उपास म्हणून बसलेले यजमान मिसळीच्या दुकानात सापडावेत, तसा प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे भरून केलेली ओरड ही ओरड नसते, ती जाहिरात असते. कंपनीच्या कचेरीत तुमच्या शिव्या एका वहीत लिहितात आणि तुमचे पैसे दुसऱ्या वहीत. भागधारकांच्या सभेत दुसरी वही वाचून दाखवतात.

हे शहाणपण मला व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकातून मिळालेलं नाही. ते कॉलेजच्या मेसमधून मिळालं. आमच्या मेसचे मालक वरणाच्या बाबतीत अद्वैती होते. वरण आणि पाणी यांत ते भेद मानत नसत. एके दिवशी आम्ही साठ मुलांनी सभा घेतली, घोषणा दिल्या, फळ्यावर मालकांचं व्यंगचित्र काढलं आणि आठवडाभराचा बहिष्कार पुकारला. मालक शांतपणे पान लावत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावरच, व्यंगचित्राच्या खाली, लिहिलं : 'उद्या फीस्ट. श्रीखंड-पुरी, बटाटेवडा.' दुसऱ्या दिवशी साठ मुलं जेवली. माझ्या माहितीप्रमाणे सभेच्या अध्यक्षांनी अकरा वडे खाल्ले. (अध्यक्ष कोण होते हे इथे महत्त्वाचं नाही.) पुढच्या सोमवारी वरणात तळ दिसायला लागला.

नव्या भागाची झुळझुळीत जाहिरात आणि सोनेरी बंदूक म्हणजे दुसरं काय? फीस्ट!

पुढच्या सत्रात आम्ही शहाणे झालो. ना सभा, ना घोषणा. प्रत्येकाने जाऊन वहीत खाडा मांडला. खाड्याचे पैसे बिलातून वजा होत. पहिल्या दिवशी वीस खाडे, दुसऱ्या दिवशी बेचाळीस. तिसऱ्या दिवशी मालक स्वतः वाढायला आले आणि वरणात चमचा उभा राहिला.

आमच्यातल्या एका मल्लाने पहिल्या बहिष्कारात आचाऱ्याच्या अंगावर ताट फेकलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते. पाणी घालायचा हुकूम मालकाचा, आणि भाजलेला हात आचाऱ्याचा. खेळाडू मंडळी रागाच्या भरात हेच करतात. ज्याने रात्र-रात्र जागून खेळातलं झाड रंगवलं, त्यालाच धमक्या पाठवतात. 'हेलडायव्हर्स २' या खेळाचं २०२४ च्या मे महिन्यात काय झालं पाहा. खेळ बनवणारा कारखाना वेगळा आणि विकणारी सोनी वेगळी. सोनीने फर्मान काढलं, की ज्यांनी स्टीमवरून खेळ घेतलाय त्यांनीही आता आमच्याकडे खातं उघडावं. कित्येक देशांत सोनीची ती खातीच मिळत नव्हती! लोकांनी स्टीमवर वाईट शेऱ्यांचा पाऊस पाडला, पैसे परत मागितले आणि तीन दिवसांत सोनीने फर्मान मागे घेतलं. आधी २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' चीही अशीच गत झाली होती. पूर्ण किंमत मोजल्यावरही डार्थ व्हेडर हाती यायला सुमारे ४० तास घाम गाळावा लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. एवढ्या वेळात आमच्याकडे अखंड रामायण वाचून प्रसादही वाटून होतो. कंपनीला किमती उतरवाव्या लागल्या आणि खेळ बाजारात येण्याच्या आदल्या रात्री आतली पैशांची विक्रीच थांबवावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवलं.

म्हणजे जमतं. पण जमतं ते खाडा मांडल्यावर.

काही जण खेळ चोरून उतरवतात आणि त्याला निषेध म्हणतात. हा निषेध आम्हीही करून पाहिलाय. मेसच्या कोठीतून रात्री लाडू पळवले की मालकाला एवढंच कळतं, की लाडवांना मागणी आहे. तो कुलूप आणखी मोठं आणतो आणि मग पैसे भरणाऱ्यालाही लाडवासाठी किल्लीची वाट पाहत बसावं लागतं.

हे सगळं मी भाचेरावांना ऐकवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे एक कान मोकळा करून ऐकलं आणि मग असं काही सांगितलं, की माझा घास हातातच राहिला.

"मामा, शाळेतले आम्ही पाच जण होतो ना. आता एक पुण्याला आहे, दोन बेंगळुरूला आणि एक तर जर्मनीत. रात्री साडेनऊला आम्ही तिथेच भेटतो. मी एकट्याने सोडलं तर कंपनीचं काय जातंय? माझं मात्र सगळंच जाईल."

म्हणजे हा खेळ नव्हता, कट्टा होता. आमचा कट्टा गोदावरीच्या घाटावर होता. तिथे बसायला कुणी पास मागितला नाही आणि चार चौघांत शोभावं म्हणून नऊशेचा कोट विकला नाही. या पोरांच्या कट्ट्याला मालक आहे, आणि पोरं एकमेकांना सोडणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो खेळाचे पैसे घेतच नाही. तो मैत्रीचं भाडं घेतो. मला राग आला तो इथे.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात मी हा विषय काढला, तर एक निवृत्त साहेब म्हणाले, "बंदी घाला!" आता बंदी हे औषध आपण पाहिलंय. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली. ती सुरक्षेच्या कारणावरून होती. किमतीशी तिचा संबंध नव्हता. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय असं बारसं करून परतला, २०२२ च्या जुलैत दुकानांतून गायब झाला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. आमच्याकडच्या पाहुण्यांनासुद्धा इतक्यांदा निरोपाचं नारळ दिलेलं नाही. बरं, त्या खेळातल्या चलनाचं नाव ठाऊक आहे? यूसी, म्हणजे 'अननोन कॅश', अज्ञात रोकड! नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात; तिथल्या नोटेवर निदान गव्हर्नरची सही आणि धारकाला पैसे देण्याचं वचन असतं. इथे चक्क अज्ञात! खेळांतली असली नाणी गठ्ठ्याने घ्यावी लागतात आणि खरेदी झाल्यावर नेहमी थोडी उरतात. सुट्टे नाहीत म्हणून हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवणारा वाणी आठवतो ना? तोच आता परदेशी गेलाय.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, खेळच तो! द्या सोडून." या वाक्यावर माझा खरा आक्षेप आहे. पैसे खरे, तर गिऱ्हाईकही खरंच. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ साली निघाला. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला खेळ लोकांच्या घरच्या घरी मेला, एकट्याने खेळणाऱ्याचासुद्धा. उद्या मिक्सरवाल्याने दहा वर्षांनी रात्री घरात शिरून मिक्सर नेला, तर हे गृहस्थ 'चटणीच ती' म्हणणार आहेत का? १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा लोकांच्या हातात जाळायला निदान कापड होतं. आमच्या भाचेरावांच्या हातात होळीत टाकण्यापुरतीही वस्तू नाही.

'द क्रू'च्या गिऱ्हाइकांनी मात्र शिव्यांवर वेळ घालवला नाही. त्यांच्यातल्या शहाण्यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभारली आणि २०२५ मध्ये युरोपीय संघाकडच्या अर्जावर १० लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. खऱ्या नावाने, खऱ्या पत्त्याने. कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानदाराला सांगावं लागतं, की बाबा, तू खेळ विकत घेत नाहीस, नुसता परवाना घेतोस.

आणि हे सगळं आपल्याला नवीन आहे थोडंच? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबईत निघालेल्या पंचायतीत आळीतल्या दहा-बारा घरांनी मिळून महिन्याचं वाणसामान मागवायची पद्धत रुजली. तेलात भेसळ दिसली, की सगळ्या आळीची मागणी एकदम थांबायची. आज २०१९ चा ग्राहक कायदा आहे, तक्रारीला १९१५ हा दूरध्वनी आहे. गिऱ्हाइकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या १३ युक्त्यांची यादीच केंद्र सरकारने २०२३ साली काढलीय. खोटी घाई करणं, सतत भुणभुण लावणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सगळं तिच्यात आहे. ती वाचताना मला आमच्या हिच्या साडीवाल्याची फार आठवण झाली.

म्हणून मी भाचेरावांना सांगितलं, एकट्याने सोडू नकोस. पाचही जण मिळून खाडा मांडा. नवीन भाग लगेच घेऊ नका. सहा महिन्यांनी स्वस्त होईल आणि तोवर त्यातले ढेकूणही कमी झालेले असतील. 'सायबरपंक २०७७' चे २०२० साली ८० लाख लोकांनी आगाऊ पैसे भरले. खेळ असा कच्चा निघाला, की सोनीला आठवड्याभरात तो आपल्या दुकानातून काढावा लागला. आपल्या लासलगावकडे पाहा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, तेव्हा जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. कांदा चाळीत सडतो, तरी शेतकऱ्याने कळ काढली. तुमचा पैसा काय सडणार आहे?

भाचेराव विचारात पडले. सोनेरी बंदूक आणि मामा यांत निवड करणं सोपं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण खेळ बाजारात येण्याआधी मागितले तर आगाऊ भरलेले पैसे परत देण्याचा त्या दुकानाचा नियमच होता. त्यांनी मागितले. मग दोन रात्री फोनवर खलबतं झाली. जर्मनीतला गडी शेवटपर्यंत कुरकुरत होता म्हणे. कंपनीला एक पत्रही गेलं. पाच जणांच्या सहीचं, एकही शिवी नसलेलं. त्यातलं शुद्धलेखन मी तपासलं. उत्तर अजून आलेलं नाही.

नवा भाग बाजारात आला त्या रात्री साडेनऊला भाच्याच्या खोलीतून बंदुकांचा आवाज आला नाही. ही काळजीत पडली. "बरं नाही का त्याला?" मी दार लोटून पाहिलं. पडद्यावर चार चौकटींत चार तोंडं, आणि भाचेराव कागद-पेन घेऊन घामाघूम.

"मामा, बरं झालं आलात! आम्ही नाव-गाव-फळ-फूल खेळतोय. 'ढ' वरून फळ सांगा पटकन. तो जर्मनीवाला ढेमसं म्हणतोय. चालतं का?"

मी हिला विचारायला स्वयंपाकघरात गेलो.