काटक की भरदार? ‘टोन्ड’ आणि ‘मस्क्युलर’ या भेदाला तालमीचे उत्तर

१/९ दिंडोशीपासून गोरेगावची चित्रनगरी हाकेच्या अंतरावर. रुपेरी पडद्याने रूढ केलेले दोन शब्द आज उपनगरांतल्या जिममध्ये सतत कानी पडतात : ‘टोन्ड’ आणि ‘मस्क्युलर’. पहिला बहुधा मुलींसाठी, दुसरा मुलांसाठी. ही वाटणी इतिहासाला धरून नाही आणि ती अपायकारकही आहे, असे माझे मत आहे.

२/९ आधी शरीरशास्त्र. स्नायू ‘टोन’ करण्याची निराळी प्रक्रिया अस्तित्वात नाही. भार दिला की स्नायू वाढतो, वापर थांबला की क्षीण होतो. स्नायू बेताचे आणि त्यांवरील चरबी कमी, तर शरीर ‘टोन्ड’ दिसते. स्नायूंचे आकारमान मोठे, तर ‘मस्क्युलर’. भेद प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नव्हे.

३/९ मराठीला हे प्रमाण पूर्वीपासून ठाऊक होते. काटक, बांधेसूद, पीळदार, भरदार, धिप्पाड अशी शब्दांची चढती श्रेणीच आपल्याकडे आहे. आणि या सर्वांना सामावणारा शब्द म्हणजे ‘कमावलेले शरीर’. त्यात दिसण्यापेक्षा श्रमाला मान आहे.

४/९ मल्लखांब पाहा. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, अशी परंपरा आहे. खांबावर स्वतःचेच वजन पेलायचे असते. तिथे अनावश्यक भार म्हणजे अडथळा. म्हणून मल्लखांबपटू सहसा काटक असतो.

५/९ कुस्तीत मात्र प्रतिस्पर्ध्याला दाबून धरायला वजन उपयोगी पडते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानाने असे कितीतरी भरदार मल्ल पाहिले. तरीही मल्लखांब हा मूळचा मल्लांचाच पूरक व्यायाम. दोन्ही देह एकाच तालमीत घडत.

६/९ खाशाबा जाधव तर या दोन टोकांच्या मधले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले ते ५७ किलो गटात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना ‘टोन्ड’ म्हणणार की ‘मस्क्युलर’? प्रश्नच निरर्थक ठरतो.

७/९ मग देह केवळ पाहण्याची वस्तू कधी झाला? युजेन सँडोने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली; परीक्षकांत आर्थर कॉनन डॉयल होते. तिथे ना खांब, ना प्रतिस्पर्धी, केवळ प्रेक्षक. पुढे सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्या ‘सँडो बनियन’मध्ये त्याचे नाव आजही नांदते आहे.

८/९ सँडोला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. त्याने अनेकांना व्यायामाची गोडी लावली. पण आरसाच परीक्षक झाला की किंमत मोजावी लागते. ‘पहिलवान दिसेन’ या भीतीने मुली वजने उचलत नाहीत. वास्तविक स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन पुरुषांहून पुष्कळ कमी असते. वजनांमुळे त्यांचे स्नायू एकाएकी फुगत नाहीत, हाडे मात्र बळकट होतात. दुसरीकडे काही मुले घाईपोटी स्टेरॉइडच्या सुया टोचून घेतात आणि हृदय व यकृत धोक्यात घालतात.

९/९ म्हणून मित्रहो, व्यायामशाळेत नाव नोंदवताना ‘मी कसा दिसेन?’ याआधी ‘या देहाकडून मला कोणते काम हवे आहे?’ हे विचारा. दोर चढायचा आहे, गड चढायचा आहे की कुस्ती मारायची आहे? काम ठरले की व्यायाम ठरतो. आणि देहाचा आकार कामाच्या मागोमाग येतो.