डलहौसी : नाव कोणाचे, स्मरण कोणाचे?

उन्हाळ्याच्या सुटीत हिमाचलकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांच्या सहलपत्रिकेत डलहौसी हे नाव बहुधा असतेच. देवदारांची दाट राई, समोर हिमशिखरांची रांग, जवळच खज्जियारचे हिरवे कुरण. या भूमीच्या सौंदर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो नावाचा, आणि त्याहून अधिक त्या नावाआड झाकल्या गेलेल्या स्मृतीचा.

१८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी केलेले दत्तकविधान अमान्य करून शिवछत्रपतींच्या वंशजांचे राज्य ज्याच्या कारकिर्दीत खालसा झाले, तोच हा गव्हर्नर जनरल डलहौसी. १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी ही राज्येही त्याच न्यायाने (न्याय म्हणायचे ते केवळ सोयीसाठी) गिळंकृत झाली. त्याच वर्षी चंबा संस्थानाकडून घेतलेल्या टेकड्यांवर गोऱ्यांच्या विश्रांतीसाठी वसविलेल्या गिरिस्थानाला त्याचे नाव मिळाले. आज सातारा-नागपूरचा प्रवासी त्याच नावाच्या फलकाखाली हौसेने छायाचित्र काढून घेतो. त्याचा दोष थोडाच. त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते.

याच गावात सरदार अजितसिंग यांनी देह ठेवला. हुतात्मा भगतसिंगांचे हे काका. १९०७ च्या 'पगडी संभाल जट्टा' आंदोलनाने पंजाबचा शेतकरी त्यांनी जागा केला. सरकारने त्यांना लाला लजपतराय यांच्यासह मंडालेला धाडले. १९०९ मध्ये त्यांनी देश सोडला आणि परकी भूमीवर सुमारे अडतीस वर्षे काढली. १९४७ च्या मार्चमध्ये ते परतले, ते फाळणीच्या छायेतील मातृभूमीत. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे, स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी, त्यांनी डलहौसीत अखेरचा श्वास घेतला. प्रकृती खालावलेले नेताजी सुभाषचंद्र बोसही १९३७ मध्ये काही महिने येथेच राहिले होते. तेथील सुभाष बावडी त्यांचीच आठवण सांगते.

नामांतराची मागणी अधूनमधून होते आणि ती रास्तच आहे. परंतु फलक बदलला आणि प्रवासी अनभिज्ञच राहिला, तर साधणार काय? ते काम सरकारी आदेशाची वाट न पाहता सहलसंस्थांनाही करता येईल. पंजपुल्याचा धबधबा त्यांच्या कार्यक्रमात असतोच. अजितसिंगांची समाधी तेथेच आहे.