करन्सी बोर्ड : संकटात ढाल की बेडी?

महागाई हाताबाहेर गेली की काही देश चलनाचा दर डॉलरसारख्या भक्कम चलनाशी कायद्याने बांधतात. तिजोरीत जेवढे परकीय चलन, तेवढ्याच नोटा. हेच करन्सी बोर्ड. अर्जेंटिनाने जवळपास अशीच व्यवस्था दशकभर चालवली.

फायदा काय झाला?
१९९० मध्ये तिथली महागाई २,००० टक्क्यांच्या वर होती. १९९१ च्या कायद्याने दर बांधला गेला. पुढच्या वर्षी आलेला नवा पेसो एका डॉलरच्या बरोबरीचा ठरला. काही वर्षांतच महागाई जवळपास थांबली.

मग बिघडले कुठे?
जानेवारी १९९९ मध्ये शेजारच्या ब्राझीलने आपले चलन घसरू दिले. ब्राझीलचा माल स्वस्त झाला, अर्जेंटिनाचा महागच राहिला. पेसोचा दर कमी करता येईना, त्यामुळे झळ नोकऱ्या आणि पगारांना बसली. सरकारचे डॉलरमधील कर्जही वाढत होते. धास्तावलेले ठेवीदार बँकांकडे धावले. पण बँकांना वाचवायला हव्या तेवढ्या नोटा छापण्याची सोय नव्हती. डिसेंबर २००१ मध्ये आठवड्याला २५० पेसोच काढण्याची मर्यादा आली. लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष फर्नांडो दे ला रुआ यांना पायउतार व्हावे लागले. जानेवारी २००२ मध्ये ही व्यवस्था मोडीत निघाली.

धडा काय?
बल्गेरियाने १९९७ मध्ये करन्सी बोर्ड आणले आणि २००८ च्या जागतिक संकटातही ते टिकवले. तिथे सरकारी कर्ज आटोक्यात होते. करन्सी बोर्ड नोटांची छपाई रोखते, सरकारची उधारी नाही. ती वाढत गेली, तर किंमत सामान्य ठेवीदारच मोजतो.