यंत्राची पुस्तिका, शेतकऱ्याचा अर्ज

पातूर तालुक्यातील शेतकऱ्याचा सातबारा, पीकविमा आणि महाडीबीटीवरील अर्ज आता संगणकाच्या पडद्यावर आले आहेत. उद्या हे अर्ज माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्ता भरू लागली, तर ज्या साधनांनी ती ब्राउझर चालवील त्यांची माहितीपुस्तिका हा एकट्या तंत्रज्ञांचा विषय राहणार नाही. २००४ साली जन्मलेले सेलेनियम काय किंवा २०२० चे प्लेराइट काय, ही साधने मुळात संकेतस्थळांच्या चाचणीसाठी घडली. त्यांच्या पुस्तिकेचा वाचक माणूस होता. शंका आली की तो थांबे, विचारी. यंत्र लिहिलेले प्रमाण मानते आणि न लिहिलेले बहुधा अंदाजाने भरून काढते. चाचणीत चुकीची कळ दाबली गेली तर पुन्हा दाबता येते. अंतिम अर्जात चुकलेला गट क्रमांक शेतकऱ्याची भरपाई अडवू शकतो. म्हणून कोणती आज्ञा काय करते एवढे सांगून भागणार नाही. कोणती कृती मागे घेता येत नाही, पान न उघडल्यास काय करावे आणि कोठे थांबून अर्जदाराची संमती घ्यावी, हेही पुस्तिकेत स्पष्ट हवे. कारकुनाच्या चुकीखाली त्याची सही असते. यंत्राच्या चुकीचा धनी कोण? त्याचे उत्तर नुकसान होण्यापूर्वी लेखी असले पाहिजे.