वजन टाका, वजन!

परवा विकांताला ऑस्टिनमध्ये एका मित्राच्या बोटीवर गेलो होतो आणि तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून हे खरडतोय.

बोट जुनी, १९ फुटी, स्की करण्यासाठी बनवलेली. इंजिन बरोब्बर मध्यभागी. स्कीवाल्याला ताशी ३४-३६ मैल वेगात मागची लाट जवळजवळ सपाटच हवी असते, म्हणून तिचा तळ मुद्दाम तसा घडवलेला. वेकबोर्डवाल्याला नेमकं उलटं हवं असतं : २०-२२ मैलांवर उंच, स्वच्छ, उडी मारायला उतार असलेली लाट. आता ती कशी मिळवायची हे कोणालाही विचारा, एकच उत्तर येतं. "अरे, वजन टाक ना मागे!" क्वेरी हळू चालते? रॅम टाका. तीच जमात ही.

तर मित्राने मागे पाण्याच्या दोन पिशव्या ठेवल्या, प्रत्येकी साधारण ३४० किलो. वर आम्ही सहा जण, त्यात दोन पोरं. बोटीवरच्या पाटीवर माणसं आणि सामान मिळून ४५० किलो लिहिलंय. (अमेरिकेत २० फुटांखालच्या अशा बोटींना ही पाटी कायद्याने लागते. वाचायची सक्ती मात्र नाही, हे दुर्दैव.) मी म्हटलं, "जास्त होतंय रे." "तू कोड लिही," असं उत्तर मिळालं.

मी चूक होतो असं नाही, लाट मोठी झालीच. जितकं पाणी बाजूला ढकलाल तितकी लाट. पण सगळं वजन मागे, म्हणून लाट उभी, अरुंद आणि माथ्यावर फुटलेली. नाक आकाशात, चालवणाऱ्याला समोरचं दिसेना. मग कोणीतरी पडलं, मित्राने थ्रॉटल एकदम खाली घेतला आणि आमचीच लाट मागून चढून आत आली. घोटाभर पाणी. पोरं रडायला लागली. पंप चालू होता म्हणून आज हे लिहितोय.

पुढच्या फेरीला पिशव्या रिकाम्या केल्या. वेग अर्ध्या-अर्ध्या मैलाने वाढवत नेला, माथ्यावरचा फेस जाईपर्यंत. दोर ७५ फुटांचा होता तो ६० वर आणला, कारण बोटीजवळ लाट अरुंद असते आणि पलीकडे पोचता येतं. एका बाजूची लाट मऊ होती, म्हणून दोघांना उठवून दुसरीकडे बसवलं. बोट समतल झाली, लाटही सुधारली. खर्च शून्य! मग फक्त एक छोटी पिशवी, तीही पुढच्या बाजूला. पुढे वजन गेलं की नाक खाली येतं आणि लाट लांब, उतरती होते. उंची थोडी कमी, पण उडी मारण्यासारखी.

ज्यांना एवढ्यावर भागत नाही त्यांनी पंख्याची पिच कमी करून बघावं, जड बोट पटकन उठते. किंवा इंजिन मागे असलेली व्ही-ड्राइव्ह घ्यावी. पण शिशाच्या पिशव्या नकोत, प्लीज. बोट भरली तर गोड्या पाण्याच्या पिशवीचं वजन पाण्यात उरतच नाही, शिसं मात्र खालीच ओढत राहतं.

आणि हो, पिशवीच्या तळाशी उरलेलं पाणी. ट्रॅव्हिस तलावात २०१७ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. ते अशाच पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. टेक्ससमध्ये तलाव सोडताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाकणं २०१४ पासून सगळीकडे बंधनकारक आहे. आमच्या त्या दोन पिशव्या? गुंडाळून तशाच ट्रकमध्ये फेकल्या होत्या. मी त्या उलगडून उलट्या टांगल्या, तर मित्र म्हणतो, "तू फारच सिरियस आहेस बुवा."

पुढच्या शनिवारी परत बोलावलंय. पोरांना घेऊन जाणार नाही, आणि पिशव्या आधी मी मोजणार.